सेल्डम म्हणजे क्वचित

अण्णा, तुम्ही जाऊन बरीच वर्षं झाली आणि माझा राग गेलेला नाही, हे आधीच सांगते.

मी दहावीत होते, आपण उचगावात राहत होतो. शाळेत तुम्ही इंग्रजीचे सर, घरीही सरच. रविवारी आई स्टोव्हपाशी मटणाचा रस्सा करायची आणि तिथंच पाटावर तुम्ही माझी उजळणी घ्यायचात. त्या दिवशी शब्द होता 'सेल्डम'. "सेल्डम म्हणजे क्वचित. समटाइम्स नव्हे. समटाइम्समध्ये होतंय हे सांगायचं असतं, सेल्डममध्ये होत नाही हे. कर वाक्य." मी केलं. माय फादर सेल्डम प्रेझेस माय मदर. वाक्य बिनचूक होतं. तुमची पट्टी माझ्या बोटांवर बसली.

आईची पळी थांबली. "मदर म्हंजे मीच की. काय म्हटली वो ती?"

तुम्ही वर न बघता म्हणालात, "म्हणतीया, अण्णा आईचं अधूनमधून कौतुक करत्यात."

"मग मारलासा कशाला पोरीला? करतासा की अधूनमधून," आई म्हणाली आणि चक्क लाजली. जेवताना तिनं शोधून मटणाची चांगली फोड तुमच्या ताटात वाढली. तुम्ही ती खाल्लीत आणि म्हणालात, "मीठ कमी हाय."

तुम्हाला फरक माहीत नव्हता असं नाही. नुकताच तुम्हीच तो मला समजावला होता. अडाणी बाईला फसवायला इंग्रजी वापरलंत, हे मी विसरलेले नाही. आता मीही हाच विषय शिकवते. मुलं या दोन शब्दांची गल्लत करतात तेव्हा तुमचंच स्पष्टीकरण देते, कारण त्याहून चांगलं मला सापडलेलं नाही. याचाही मला राग येतो.

आई माझ्याकडे असते. गेल्या रविवारी शेजारणीला सांगत होती, "मानूस कडक, पर कवतिक करायचे की अधूनमधून." शेजारीण गेल्यावर मी मुद्दाम विचारलं, काय म्हणायचे गं? ती भाकरी थापता थापता थांबली. बराच वेळ आठवत राहिली.

"ते न्हाय ध्यानात. पर तूच म्हटलीवतीस की, इंग्रजीत."

मी "व्हय" म्हणाले.

हे पत्र कुठं धाडायचं नाही, म्हणून एवढंही लिहून टाकते. गेल्या रविवारचा रस्साही तिनंच केला होता, या वयात, उभं राहून. फार चांगला झाला होता. मी दोनदा घेतला आणि तिला तसं न सांगताच ताट उचलून उठले.