अर्धी जीभ

प्रिय आई,

फिनलंडच्या बर्फातून तुला घट्ट मिठी. मी मजेत आहे. फोन करत नाही म्हणून रुसू नकोस, इथे रेंजच नसते. बाबांची कंबर कशी आहे?

माझ्या पाठोपाठ आपल्या धाकट्या ब्रिनलीलाही धर्मप्रचाराचं बोलावणं आलं! निघण्याआधी तिच्या अक्कलदाढा काढणार म्हणतेस, वर यायच्या आतच. बरोबरच आहे, परदेशात दाढ ठणकली तर काय करायचं? माझ्या वेळी तू कुस्करलेला बटाटा भरवलास, आणि माझं गुंगीतलं बरळणं ऐकून सगळे किती हसलात!

मागच्या महिन्यात एका म्हातारीने दार उघडलं. मी देवाबद्दल बोलू लागलो, तर ती माझ्या जोडीच्या प्रचारकाला म्हणते, "याला सकाळीच पाजलीत की काय?" आपण थेंबालाही शिवत नाही गं. त्या दिवसापासून तोच बोलतो, मी नुसता शेजारी उभा असतो.

आई, रेंज असते. दाढा काढल्यापासून माझी अर्धी जीभ बधिर आहे. सूज उतरेल म्हणत राहिलो. इथले डॉक्टर म्हणाले, आता ती अशीच राहणार. मी प्रार्थनाही मनातल्या मनात करतो.

ब्रिनलीच्या दाढा दुखतात का? नाही ना? मग राहू देत गं. ती गाते.

तुझाच,
टेसन