उडदाच्या मडक्यातला निळा खडा

आत्याबाई, तुमचा तो निळा खडा अजून निळा आहे. हे सांगायला आज लिहायला बसले. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, की आता माझ्याच सुना मला म्हातारी म्हणतात. शाळा मी कधी पाहिली नाही. पुडीच्या कागदावरची अक्षरं लावत लावत वाचायला शिकले, हे तुम्हाला ठाऊक आहे. तेव्हा अक्षर वेडंवाकडं आलं तर गोड मानून घ्या.

देश स्वतंत्र होऊन दोन-तीन वर्षं झाली असतील. धुळ्याकडची मी, तापीकाठच्या तुमच्या घरात नवी नवी सून होऊन आले होते. त्या हिवाळ्यात मळ्यात विहीर खणायला घेतली. खोल गेल्यावर काळी चिकट माती लागली, तिच्यात कुण्या जुन्या जनावराचं हाड, आणि हाडाला बिलगलेले काचेसारखे खडे. कुदळीच्या घावानं ढेकळाचे दोन तुकडे झाले. वर आणले तेव्हा ते फिकट हिरवट होते, बघता बघता मोराच्या मानेसारखे निळे झाले. त्याच दिवशी झरा फुटला. पाण्याआधी जे निघेल तो विहिरीचा देव, ही आपल्याकडची रीत. मामंजींनी मोठा तुकडा धुऊन देव्हाऱ्यात बसवला आणि त्याला नाव दिलं नीळकंठ. धाकटा तुकडा तुम्ही मातीसकट फडक्यात गुंडाळून उडदाच्या मडक्यात, डाळीच्या तळाशी खुपसून ठेवलात. तुम्ही नारळाची शेंडीसुद्धा फेकत नव्हता, खडा कुठून फेकणार!

देवपूजेची तयारी माझ्याकडे होती. देव्हारा उगवतीच्या दाराशी, सकाळचं ऊन थेट नीळकंठावर. मी त्याला रोज अंघोळ घालते, हळदीकुंकू वाहते, आणि देव रोज थोडा थोडा काळवंडत जातो. शिमग्यापर्यंत तो कोळशासारखा झाला, वर बारीक चिराही गेल्या. मग तुमच्या धाकट्या जाऊबाई, माझ्या काकीसासूबाई, ओसरीवर बसून सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलल्या, "नवी सून उनी आनि देव काळा पडना. पांढरा पायनी शे पोर, दुसरं काय! अक्का, अखाजीले हिले माहेर धाडा, मंग आनूच नका."

तुमचा लेक खाली मान घालून दोरखंड वळत राहिला. अखाजीला, अक्षय्य तृतीयेच्या सणाला, लेकी माहेरी जातात, झोके घेतात, गाणी म्हणतात. मला घ्यायला भाऊ येणारच होता. परत आणायला कुणी आलं नाही तर बापाच्या दारात जन्म काढायचा, एवढं मला कळत होतं. मी चुलीपाशी उभी. तुम्ही भाकरी थापत होता. हातातली भाकरी तव्यावर टाकलीत, तिला पाणी लावलंत, आणि मगच म्हणालात, "उडीदनं मडकं आन वं."

मडकं ओसरीवर आणलं. तुम्ही पिठाचाच हात तळाशी घातलात आणि फडकं सगळ्यांसमोर सोडलंत. आत लख्ख निळा खडा. "रोज हिना हात या मडकामा जास," तुम्ही म्हणालात, "मंग हाऊ का बरं काळा नही पडना?" काकीसासूबाई म्हणाल्या, त्याची कुठं पूजा झाली, तो काय देव आहे! तुम्ही वाद घातला नाहीत. सुपारीचा अडकित्ता घेतलात, खड्याची एक कपची काढलीत आणि त्यांच्या ओंजळीत ठेवलीत. "हाऊ तुना घर ली जाय. पूजा कर. तठे तं ही पाय ठेवत नही."

त्यांनी कपची अंगणातल्या तुळशीपाशी ठेवली, भर उन्हात. अखाजीच्या आधीच ती काळी ठिक्कर पडली. तुम्ही मुद्दाम गल्लीतून हाक मारलीत, "का वं, तुना घर कोनती नवी सून उनी?" त्या हसल्याच. "तुमनासंगे कोन बोली, अक्का!" असं म्हणत आत गेल्या, आणि माझ्या माहेरच्या शिदोरीसाठी खापरावरचे मांडे त्यांनीच करून दिले. मला परत आणायला तुमचा लेक चार दिवस आधीच येऊन ठेपला. माझ्या भावजया किती दिवस हसत होत्या त्याला.

परवा माझ्या थोरल्या मुलानं जळगावहून एक माणूस आणला, दगड गोळा करणारा. आपल्या काळ्या पाषाणात पांढरे-हिरवे स्फटिक मुबलक निघतात, ते त्यानं पुष्कळ पाहिलेले. आपला खडा भिंगाखाली धरला आणि पुन्हा पुन्हा फिरवून पाहिला. म्हणाला, आजी, याला व्हिवियनाइट म्हणतात, लोखंडाचं फॉस्फेट. हाडाजवळ, चिखलात, हवा न लागता होतं. इकडे मी हे प्रथमच बघतोय. उजेडात ठेवलं की काळं पडतं. मी म्हटलं, फॉस्फेट म्हणजे आम्ही केळीला पोत्यानं टाकतो तेच का? तो म्हणाला, त्याच्याच गोतातलं. मागेल ती किंमत देतो म्हणाला. मी त्याला चहा दिला आणि फडकं बांधून टाकलं.

तो गेल्यावर मनात आलं, तुम्हाला उजेडाचं काही ठाऊक नव्हतं. काकीसासूबाईंनी ती कपची पेटीत ठेवली असती तर ती निळीच राहिली असती, आणि माझं काय झालं असतं कोण जाणे. तरी तुम्ही ती काढून दिलीत. माझ्या बाजूनं बोलायला तुम्ही पुरावा निघायची वाट पाहिली नाहीत. सख्खी आई याहून वेगळं काय करते?

हा कागद कुठल्या पत्त्यावर टाकू? राहील माझ्यापाशीच. म्हणून एक गोष्ट लिहून टाकते, जी तुम्ही विचारली नाहीत आणि मी सांगितली नाही. चुलीपासून ओसरीपर्यंत ते मडकं आणताना मी मनात म्हणत होते, आत्ताच हातातून पडू दे, फुटू दे, सगळं मातीत जाऊ दे. आत तोही काळाच निघणार, अशी माझी खात्री होती. त्या घरात, आत्याबाई, माझ्या पायांवर माझाही विश्वास नव्हता. फक्त तुमचा होता.