बंदी घातलेलं गाणं आणि आमचा गुडघ्यांचा वर्ग

ती. ताईस,

शिरसाष्टांग नमस्कार. (साष्टांगातलं एक अंग, म्हणजे उजवा गुडघा, सध्या संपावर आहे, तेव्हा सात अंगांवर भागवून घे. गुडघेदुखीवाल्यांना पाण्यात व्यायाम शिकवणाऱ्या माणसाचाच गुडघा दुखतो, ही बातमी माझ्या वर्गापर्यंत पोचता कामा नये.) तुझ्या मानेचा पट्टा सुटला का? भाऊजींचा खोकला कसा आहे? मागच्या फोनवर त्यांनी मला जे काही सांगितलं त्यातलं फक्त खोकणं कळलं, तेव्हा उत्तर द्यायचं राहिलं असेल तर राग मानू नये म्हणावं. इकडे सगळे मजेत. बाबाही स्वतःला मजेतच समजतात. हृदयाचं ऑपरेशन आपलं नसून डॉक्टरांचं आहे आणि आपण फक्त त्यांना सोबत करायला जाणार, अशा थाटात ते सगळ्यांना अकरा तारीख सांगत फिरताहेत.

तू दहाला येणार, पण हॉस्पिटलसमोरच्या लॉजवर उतरणार, हे बाबांना सांगायचं काम तू माझ्यावर सोपवलंस. आठ दिवस झाले, मी सांगितलेलं नाही. तुझा निरोप आला त्याच दिवशी, तू येणार एवढंच ऐकून त्यांनी मागची खोली झाडायला काढली. चौऱ्याऐंशीव्या वर्षी, हृदयाचा हा असा कारभार असताना, स्टुलावर चढून बल्ब बदलला. (‘तिला वाचायला पुरेल असा’ हवा म्हणून दुकानातून दोनदा बदलून आणला.) मी दारात उभा राहतो, तोंड उघडतो आणि आज हवा बरी आहे असं सांगून परत येतो. त्यांनाही आता माझ्या हवामानाचा संशय यायला लागला आहे.

खरं म्हणजे याच विषयावर लिहायला बसलो होतो, पण तरणतलावावर असं काही झालंय की ते आधी सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही. आमच्या वर्गात अकरा बायका आणि एक निवृत्त न्यायाधीश आहेत. पाणी छातीइतकं. कठड्याला धरून पाय वर, पाय खाली, इतकंच करायचं, पण ते तालावर व्हावं म्हणून मी बासरी लावत असे. बासरीने सगळ्यांना डुलक्या यायच्या, आणि पाण्यात डुलकी लागणं आमच्या नियमात बसत नाही. तेव्हा वर्गातल्या एका माजी नर्सबाईंनी परवा आपल्या फोनवरून एक गाणं लावलं. पहिल्या दोन टाळ्या वाजल्या आणि मी ओळखलं. ताई, ‘बुडाले रे बुडाले’! तेच! तेच, ज्याच्यावर रेडिओने बंदी घातली होती, ज्याच्यावर तुमच्या कॉलेजात नोटीस लागली होती, आणि ज्याच्यावरून आपल्या घरात महाभारत झालं होतं. तुझं ठरलेलं लग्न मोडलं त्या उन्हाळ्यात तू ते दिवसाला चाळीस वेळा लावायचीस. बाबा ओरडले की बंद कर, नाहीतर ती कॅसेट चुलीत घालीन. दुसऱ्या दिवशी कॅसेट गायब. महिन्याभरात तू नोकरी धरून गेलीस, आणि त्यानंतरची अडतीस वर्षं तुझं आणि बाबांचं बोलणं ‘हं’ आणि ‘बरं’ यांच्यावर चाललंय.

असो. सांगायचं म्हणजे, त्या गाण्याचा ठेका गुडघ्यासाठीच बनवल्यासारखा आहे. दोन टाळ्यांत पाय वर, दोन टाळ्यांत खाली. आणि माझ्या अकराही बायकांना ते तोंडपाठ! तीन मिनिटांत त्यांची वयं चाळीस वर्षांनी उतरली. ‘बुडाले रे बुडाले, मला काढू नका वर’ हे त्या अशा काही खड्या आवाजात गायला लागल्या की छत घुमायला लागलं. आता आमचा जीवरक्षक नुकताच समुद्रावरून बदलून आलेला. पन्नाशीचा, अत्यंत गंभीर, आणि जन्मात कधी गाणं न ऐकलेला. तो ऑफिसात चहा घेत होता. त्याने हा ओरडा ऐकला आणि बूट, शिट्टी, किल्ल्यांचा जुडगा यांच्यासकट पाण्यात उडी घेतली. पण त्याने वाचवलं कुणाला? ‘बुडाले’ म्हणून कोकलणाऱ्या अकरा जणींना ओलांडून तो थेट न्यायाधीशांकडे गेला आणि त्यांना हनुवटीला धरून काठावर ओढून आणलं. का, तर खरा बुडणारा माणूस आवाज करत नाही असं त्याला प्रशिक्षणात शिकवलंय, आणि न गाणारे तेवढे एकटेच होते. (नियमाप्रमाणे त्याचं अगदी बरोबर आहे. मी त्याला तसं सांगितलंही. तो बुटातलं पाणी ओतत ‘आभारी आहे’ म्हणाला.)

न्यायाधीशांनी लेखी तक्रार केली. मग व्यवस्थापकबाईंनी मला बोलावून गाण्याचे शब्द कागदावर मागितले. मी लिहून दिले, ताई. इतकं उड्या मारायला लावणारं गाणं, आणि आत काय तर एक पोरगी विहिरीच्या तळाशी बसून सांगतेय की इथे गार आहे, निवांत आहे, वरच्यांनो तुम्ही आपलं जेवून घ्या. व्यवस्थापकबाईंनी ते वीजबिल वाचावं तशा आवाजात वाचलं. तिसऱ्या ओळीला न्यायाधीशांनी हात वर केला. मला वाटलं, आता आपली नोकरी गेली. तर ते म्हणाले, ‘ओळ चुकली आहे. आधी घागर, मग दोर.’ मग दुसरं कडवं त्यांनी स्वतःच म्हणून दाखवलं, चालीसकट, टाळ्यांसकट, आणि तक्रार मागे घेतली. त्यांना राग गाण्याचा नव्हता, ऐन कडव्यात बाहेर काढल्याचा होता.

बाहेर पडताना मी नर्सबाईंना विचारलं की असलं काळं गाणं तुम्हाला इतकं कसं आवडतं. त्या म्हणाल्या, ‘माझे मिस्टर गेले ना, त्या वर्षी रोज हे लावून एकदा पोटभर रडायचे आणि मग ड्यूटीवर जायचे. हे नसतं तर काय केलं असतं कोण जाणे.’ सहज म्हणाल्या आणि केस पुसत निघून गेल्या. मी मात्र तिथल्या बाकावर बराच वेळ बसून राहिलो.

तर असं सगळं. मानेला जप. भाऊजींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
धाकटा

ता. क. लॉज रद्द कर.

ता. क. २. कारण कॅसेट बाबांनी टाकली नव्हती. मी टाकली होती. असली गाणी ऐकून तरुण मुलं जिवाचं बरंवाईट करतात असं पेपरात आलं होतं, आणि अकरा वर्षांच्या मुलाला पेपर खोटं लिहीत नाही असं वाटतं. तू संध्याकाळी नदीच्या पुलावर जायचीस ना, तेव्हा मी तुझ्या मागे मागे यायचो, टॉवेल घेऊन. मला पोहता येत नव्हतं. (पोहायला मी पुढच्या सुट्टीत शिकलो.) तू नुसती उभी राहून परत यायचीस, पण माझी भीती काही जाईना. शेवटी पेन्सिल घालून सगळी फीत उपसली आणि दप्तरात कोंबली. तू बाबांवर ओरडलीस तेव्हा मी सांगणारच होतो, पण तेवढ्यात बाबाच म्हणाले, ‘हो, मीच फेकली.’ रागाच्या भरात म्हणाले असं मी इतकी वर्षं समजत आलो आणि त्याच्या आड लपून राहिलो. त्या गाण्यावर तू कसेबसे दिवस काढत होतीस, आणि तेच मी तुझ्याकडून काढून घेतलं, हे मला परवा त्या बाकावर कळलं. मला माफ कर.

ता. क. ३. वरचं लिहून झाल्यावर, दुपारी धीर करून बाबांना विचारलं. दप्तरातून लोंबणारी फीत त्यांनी त्याच दिवशी पाहिली होती. मग माझं नाव का नाही सांगितलंत, म्हटलं. म्हणाले, ‘ती घर सोडून जाणार हे दिसतच होतं. तुझ्यावर रागावली असती तर पत्र कुणाला लिहिलं असतं? तू वाचून दाखवायचास, तेवढं मला पुरायचं.’ हे ताईला अजिबात कळवायचं नाही, असं मला दोनदा बजावून ते मागच्या खोलीत चादर बदलायला गेले. मी बरं म्हटलं.