एक रोट जास्तीचा

बुध., ३० जुलै

विनू भाऊजींचा फोन. स्वतःहून! मी नुकती शाळेतून आले होते, पायातल्या चपलासुद्धा काढल्या नव्हत्या. "वहिनी, या रविवारी कानबाई ना आपली? मी येऊ का?" येऊ का काय विचारता, मी ओरडलेच. मग घाईघाईने म्हणाले, "देवीच्या पाया पडणार नाही. आधीच सांगून ठेवतो. अक्काला भेटायला येतोय फक्त." सुजाता, त्यांची बायको, येत नाहीये. जळगावलाच थांबणार.

अक्काला सांगितलं. सासू माझी, पण मीही अक्काच म्हणते. वाटलं रडेल. कुठलं! गवारीच्या शेंगा मोडता मोडता म्हणाली, "येईच ना. त्याना रोट शे आठे."

मला मात्र काही सुचत नाही. भात करपवला.

गुरु., ३१ जुलै

पितळेची भांडी घासून हात काळे. ह्यांना धास्ती. "पुन्हा मागच्यासारखं झालं तर?"

खरंय. परी, भाऊजींची लेक, तापाने गेली. सहा वर्षांची पोर. पुढच्या श्रावणात भाऊजी चौरंगापुढे उभे राहून कानबाईलाच म्हणाले, "तू माय शे ना? मंग मन्ही पोर तुले दिखनी नही का?" भरलं ताट लोटलं आणि गेले. ते पुन्हा घरी फिरकलेच नाहीत. नाना, म्हणजे सासऱ्यांचे थोरले भाऊ, भाऊबंदांत सगळ्यात मोठे, तेव्हापासून त्यांचं नाव काढू देत नाहीत.

अक्का मात्र दर श्रावणात विनूच्या नावाची मूठ काढतेच, रोटाच्या गव्हाची. रोट, कानबाईच्या नैवेद्याची जाड पोळी, घराबाहेर द्यायचा नाही, टाकायचा नाही, पौर्णिमेपर्यंत घरच्यांनीच संपवायचा. तर विनूचा रोट ही बाई एकटी खाऊन संपवते. दातांचा पत्ता नाही आणि.

शनि., २ ऑग.

आज मुठी काढल्या. घरातल्या एकेका पुरुषाचं नाव घ्यायचं आणि सव्वा मूठ गहू सुपात. मूठ अक्काची, सूप यंदा माझं. नाना, नानांची मुलं, नातू, हे, आमचा ओम. मग "विनू", जरा मोठ्याने. त्यानंतर आणखी एक मूठ, नाव न घेता. अक्का चुकली बहुतेक. वय झालं. बोलले नाही.

चक्कीवर ही गर्दी! चक्की धुऊन, हार घालून ठेवलेली. बायका डबे घेऊन गाणी म्हणतायत, मी पण सुरू. माझा आवाज कसा आहे ते सगळ्या धुळ्याला कळलं.

उद्या भाऊजी. झोप येणार नाही.

रवि., ३ ऑग.

कुठून लिहू!

कानबाई बसली. नारळाला नथ, डोळे, हिरवं पातळ. काय दिसत होती! अक्काचा गुडघा धरलेला, म्हणून यंदा रोट पहिल्यांदा मी केले. जितकी नावं तितके रोट. एक जास्त भरला. पुन्हा मोजले, जास्तच.

तेवढ्यात भाऊजी दारात. केस पांढरे झालेत. चौरंगाकडे बघेनात, भिंतीकडे बघत उभे. मी आत या म्हणणार, तर नाना खाटेवरून, "पहिले चौरंगम्होरे नाक घासी, मंगच पाटवर बसी."

भाऊजी वळलेच होते.

आणि अक्का बोलली. जेठापुढे आजवर जिने तोंड उघडलं नाही, ती! पदर पुढे ओढून, पण स्पष्ट. "नाना, कानबाईनी त्यानी मूठ कधी बंद करी नही. तो शिव्या दी गया तरी नही. तिनी अट नही ते आपली कसानी?"

मला टाळ्या वाजवाव्याशा वाटत होत्या, खरंच.

भाऊजी बसले. वाढताना मी बावळट बोलून गेले, "अक्का, एक रोट जास्त झालाय, कुणाला वाढू?" नाना लगेच, "परकी मूठ पडनी का घरमा? कोना शे तो?"

अक्का म्हणाली, "परीना."

पोरींची मूठ कधी काढत नाहीत आमच्याकडे. कुणाच्याच पोरींची नाही. माझ्या माहेरीही नाही.

"दरसाल निंघस," अक्का म्हणाली. "मी काढत नही. बठ्ठासनी नावं सरी जातस, तरी मूठ उघडीच ऱ्हास. कानबाईले ती पोर आठे पाहिजे, मी काय करू?" मग भाऊजींकडे वळून, "तू तिले इचारं व्हतं ना, मन्ही पोर दिखनी नही का? दिखस रे. तिले बठ्ठं दिखस."

भाऊजी ताटावर वाकून रडले. मोठ्याने, लहान मुलासारखे. मी पण. हे पण, चष्मा पुसत. नाना उठले, पण रोट अर्धा टाकून जाता येत नाही ना, परत बसले. भिंतीकडे तोंड करून खाल्ला.

इतकी वर्षं कानबाई मांडते मी. सोवळं, नैवेद्य, काही चुकलं तर कोपेल ही भीती. आज पहिल्यांदा ती मला आवडली.

सोम., ४ ऑग.

पांझरेवर विसर्जन. फुगड्या घालून कंबर गेली. चौरंग माझ्या डोक्यावर, भाऊजी शेजारून चालत होते, अक्काचा हात धरून, चपला हातात. पाया पडले नाहीत. पाण्यात नारळ बुडाला तेव्हा मात्र बराच वेळ तिथेच उभे राहिले. नंतर एवढंच विचारलं, "वहिनी, परीचा रोट कोण खातं?" म्हटलं, अक्काच. चपला घातल्या आणि बसस्टँडला गेले.

गुरु., ७ ऑग.

परीच्या रोटाला अक्का यंदा हात लावत नाहीये. डब्यात झाकून ठेवलाय. परवा पौर्णिमा, संपवावा तर लागेल. विचारलं तर "थांब" म्हणते. कशासाठी थांब? भाऊजींना फोन केला, उचलला नाही.

शनि., ९ ऑग. पौर्णिमा

सकाळपासून नाना ओट्यावर येऊन बसलेत. कशाला ते सांगत नाहीत. चहा दोनदा झाला. मनात धाकधूक, आज पुन्हा काही बोलले तर?

आत्ता फोन. सुजाता! आवाज किती दिवसांनी ऐकला. वाटेतलं पारोळा केव्हाच मागे टाकलंय म्हणाली, दोघं येतायत. "वहिनी, मला अजून कानबाईपुढे उभं राहवणार नाही. काय होईल माहीत नाही." म्हटलं, नको राहूस, स्वयंपाकघरातून ये. अक्का जवळच होती, मान हलवली.

फोन ठेवता ठेवता तिने हळूच विचारलं, "परीला गूळ जास्त लागायचा. आहे ना घरात?"

आहे. रोटाशेजारी ठेवलाय, मोठा खडा. बाहेर गाडीचा आवाज, नाना उठून उभे राहिलेत. जाते.