आधी पाटी, मग प्राणी

सोमवार, २
आलो बुवा एकदाचा. शहरातल्या या प्राणिसंग्रहालयाला शंभर वर्षं होताहेत, म्हणून त्याचा इतिहास आणि पिंजऱ्यांवरच्या नव्या पाट्या लिहायला त्यांना शिकलेला माणूस हवा होता. मिळाला. फाटकाजवळची खोली ऐसपैस आहे, खिडकीतून पाणघोड्याचं बूड दिसतं. अधीक्षक म्हणजे ढेरीला फुटलेले दोन पाय. त्यांच्यापेक्षा पाणघोडा चटपटीत. रविवारी बायको आणि लेक येणार. लेकीला सगळं मी स्वतः दाखवणार आहे.

बुधवार, ४
इतिहास कसला, कपाळ. संस्थापकांनी उद्घाटनाला नुसत्या पाट्या लावल्या होत्या, प्राणी पोचलेच नव्हते. गर्दी जमली, तेव्हा पाटीला शोभेल असं मिळेल ते आत कोंबलं. तीच रीत आजतागायत चालू आहे: आधी पाटी, मग प्राणी. इथलं मोठं आकर्षण म्हणजे लांडगा. तो उघड उघड कुत्रा आहे, मला बघून शेपूट हलवतो. रखवालदाराला तसं म्हटलं, तर त्यानं उलट मलाच विचारलं, साहेब, पाटीवर काय लिहिलंय? आणि समोरची माणसं खरोखर घाबरून मागे सरत होती. असल्या मेंढरांसाठी लेखणी झिजवायची आहे.

शुक्रवार, ६
माकडांपलीकडचा पिंजरा रिकामा आहे. अधीक्षकांनी त्याची पाटी मागितली. प्राणी कोणता, विचारलं, तर म्हणाले, तुम्ही लिहा, पुढचं आम्ही बघतो. मी त्यांच्यासमोर बसून त्यांचंच वर्णन खरडलं: ‘दोन पायांवर चालतो. स्वतःला फार शहाणा समजतो. माणसासारखा बोलतो, पण त्याला अर्थ नसतो. लक्ष देऊ नये.’ ठोंब्याला काही कळलं नाही. उलट छान जमलंय म्हणाले. खोलीवर येऊन पोट धरून हसलो.

शनिवार, ७
पाटी रंगवून आली. सरळ बसते का ते आतून बघा, असं रखवालदार म्हणाला. वही खिशात टाकून मी आत गेलो. पाटी लागली आणि त्यानं दाराला कुलूप घातलं. सवयीनं घातलं असेल, अडाणी कुठला. मी खेकसलो. त्यानं पाटी वाचली, मान डोलावली आणि निघून गेला.

दुपारी अधीक्षक आले. तोंडाला येईल ते बोललो त्यांना. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि रखवालदाराला विचारलं, खातो का नीट?

रविवार, ८
सकाळपासून गर्दी. ओरडलो की टाळ्या पिटतात. या गणंगांपुढे मी हात जोडले. नाव सांगितलं, पत्ता सांगितला — एका बाईनं पोराला पाटी वाचून दाखवली — पुढे गेली —

भीती वाटते आहे. फार —

त्या दोघी दिसल्या. फाटकापाशी मला शोधताहेत. ती ओळखेल. इतक्या वर्षांचा संसार आहे, ती काही या मूर्खांतली नव्हे —

इकडेच वळल्या. लेक धावत आली, गज धरून बाबा म्हणाली. बाबा म्हणाली — आईला हाका मारते आहे —

बायको आली. बघते आहे माझ्याकडे. मी हळू बोलतो आहे, नीट, एकेक शब्द — तिनं चष्मा पुसला — मान वर केली — वाचते आहे — ओठ हलताहेत — लेकीची बोटं गजांवरून सोडव—