दंडापायी अडकलेल्यांसाठी माझी खोली

मी, वसंत गणू तांबे, वय सदुसष्ट, धंदा सुतारकाम, राहणार परळ, मुंबई, हे मृत्युपत्र स्वतःच्या मर्जीने लिहून ठेवतो. माझे हृदय अधू आहे, डोके नाही. तसा डॉक्टरांचा दाखला सोबत आहे.

१. चाळ पाडून बांधलेल्या इमारतीतली माझ्या नावावरची खोली पत्नी राधाबाई हिने हयातभर वापरावी. तिला कोणी बाहेर काढू नये. तिच्या पश्चात खोली विकून येणारी रक्कम कलम ४ प्रमाणे खर्चावी. आम्हाला मूलबाळ नाही.

२. थोरला भाऊ विकास, राहणार प्रभादेवी, यास काहीही देत नाही. कारण लिहिणे भाग आहे. रे रोडला लाकडाच्या वखारीत माझ्या सोबत्याची बोटे यंत्रात गेली. मालक म्हणाला, "आधी ऑर्डर पुरी करा, मग दवाखाना." मी त्याला फळीने मारले. ते चुकलेच, आणि त्याची दोन वर्षे मी भोगली. पण वर वीस हजारांचा दंड होता. न भरल्यास आणखी सहा महिने. आईने गळ्यातली बोरमाळ काढून विकासला दिली. "वसंताला घेऊन ये," एवढेच म्हणाली. तो आला नाही. वाढीव कैदेच्या चौथ्या महिन्यात आई गेली. तिच्या पुण्यानुमोदनाला विकासने हॉल घेऊन तीनशे माणसे जेवू घातली.

पुढे पुतणी प्रितीच्या लग्नात ती बोरमाळ मला वहिनींच्या गळ्यात दिसली. मी विकासला विचारले. "दंड भरला असता तर तुला अद्दल कशी घडली असती?" असे म्हणून त्याने वाढप्याला मला आइस्क्रीम द्यायला सांगितले. मी न जेवता निघालो. त्याचे नाव लिहितानाही शिसारी येते. माझ्या शोकसभेत त्याने बोलू नये.

३. माझे रंधे, पटाश्या, करवती एल्रॉय यास द्याव्यात. मोबाइल चोरीची शिक्षा संपूनही तो तीन हजारांपायी माझ्या बराकीत अडकला होता. सुटल्यावर पहिल्या मजुरीतून मी त्याचा दंड भरला. कोर्टातल्या कारकुनाने हसत विचारले, "चोर तुमचा कोण लागतो?" मी पावती मागितली. आज एल्रॉय शिवडीत फर्निचर करतो. त्याचा सांधा माझ्यापेक्षा साफ बसतो. हे त्याला तोंडावर कधी सांगितले नाही.

४. बँकेतली ठेव मी सगळी राधाबाईला देत होतो. ती म्हणाली, "मला निम्मी पुरे. बाकीच्यातनं माणसं बाहेर काढा." म्हणून निम्मी ठेव, आणि पुढे खोलीची रक्कम, शिक्षा भोगूनही केवळ दंडापायी आत राहिलेल्यांसाठी वापरावी. व्यवस्था अ‍ॅड. मानसी हाटे व एल्रॉय यांनी पाहावी. गुन्हा कोणता ते विचारू नये. ते कोर्टाने विचारून झाले आहे. सुटलेल्याला हार घालून फोटो काढू नयेत. तसले फोटो मला बघवत नाहीत.

५. मसुदा वाचताना मानसी म्हणाली, "काका, हे तुमच्या पश्चात लागू होईल." एल्रॉयच्या ओळखीचा जेरी शिक्षा संपून महिनाभर तसाच आत आहे आणि त्याच्या बायकोला नववा लागला आहे. माझ्या मरणासाठी तिला थांबवणे बरे दिसत नाही. त्याचा दंड आज सकाळी भरला. सहीला उशीर झाला तो त्यामुळे.

वाचून, समजून, दोघांसमोर सही केली.

वसंत गणू तांबे

साक्षीदार:
१. डॉ. नील सकपाळ, परळ
२. डायना परेरा, शेजारी

परळ, मुंबई. १७ फेब्रुवारी २०२५