कॅमेरा घ्यायला गेलो, बारसं करून आलो

कर्वेनगर, पुणे
सोमवार, दुपार

ती. चंपावन्सं यांस,

शर्मिलेचा वाकून नमस्कार. (पाठ धरली असल्याने पूर्ण वाकता आलेलं नाही. राहिलेला नमस्कार मिरजेला आल्यावर करीन.)

आपला गुडघा कसा आहे? मी पाठवलेलं तेल लावता की पाहुण्यांना दाखवायला कपाटात ठेवलंय? इकडे आम्ही दोघे ठीक आहोत. आपण पाठवलेलं लोणचं पोचलं. बरणीचं झाकण प्रवासात सैल झालं होतं, त्यामुळे तेल पिशवीने खाल्लं, पण फोडी सगळ्या आमच्या वाट्याला आल्या.

परवा फोनवर आपण विचारलंत, "आनंद बोलत का नाही गं, आजारी आहे का?" आणि मी "बरे आहेत" एवढंच म्हणून फोन ठेवला, त्याचा आपल्याला राग आला असणार. पण त्या वेळी तुमचे बंधू समोरच बसले होते. शिवाय आमचं घर एवढं ऐसपैस आहे की स्वयंपाकघरात विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर गॅलरीतून येतं. म्हणून हे पत्र. ते आत्ता बाहेर गेले आहेत. कुठे, ते पुढे येईलच.

रिटायर झाल्यावर लोक काशीला जातात, कोणी हास्यक्लबात जातं. तुमचे बंधू गॅलरीतल्या खुर्चीत गेले. रोज सकाळी कंपनीच्या बसच्या वेळेला दाढीबिढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून बसायचे. बस आमच्या कोपऱ्यावरूनच जाते. ड्रायव्हर जुना, त्यामुळे जाताना एकदा हॉर्न वाजवतो (प्रेमाने वाजवतो, पण नसता वाजवला तर बरं झालं असतं). बस गेली की हे पेपर उघडायचे. पेपर उघडलेला दिसायचा, पान उलटल्याचं मात्र कधी ऐकू यायचं नाही. पुढेपुढे दाढीही राहिली. चहा विचारला तर "ठेव" आणि जेवायला बोलावलं तर "वाढ", एवढ्या दोन शब्दांवर आमचा संसार चालला होता. तुम्हाला कळवलं नाही, कारण कळवायला काही घडतच नव्हतं.

मग एके दिवशी समोरच्या उंबरावर धनेश येऊन बसला. राखी रंगाचा, ही एवढी वाकडी चोच. हे खुर्चीतून उठले (उठले, वन्सं!) आणि मोबाइलवर फोटो काढला. शेजारचा पुष्कर आयटीत आहे, घरूनच काम करतो, म्हणजे जिन्यात भेटतो. त्याला कौतुकाने दाखवला. त्याने बोटांनी मोठा करून पाहिला, आणखी मोठा केला, आणि म्हणाला, "काका, ही कॅरीबॅग अडकलीय का झाडात?"

दुसऱ्या दिवशी तुमच्या बंधूंनी चहाच्या आधी दाढी केली आणि जाहीर केलं, "कॅमेरा घ्यायचा. डीएसएलआर." मी पुष्करच्या आईला खोबऱ्याच्या वड्या नेऊन दिल्या. कारण सांगितलं नाही.

आता आपल्याला माहीतच आहे, ह्यांचं आयुष्य परचेस डिपार्टमेंटात गेलं. कंपनीला एक स्क्रू लागला तरी हे तीन कोटेशन मागवायचे. स्वतःसाठी काही विकत घ्यायची मात्र ही पहिलीच वेळ (लग्नातला सूट तुमच्या वडिलांनी घेतला होता, त्यानंतरचं सगळं मी). बजेट ठरलं ते असं, की आपला फ्रिज आवाज करत का होईना, आणखी काही वर्षं चालवायचा आणि नव्या फ्रिजला जे गेले असते ते कॅमेऱ्याला. फ्रिजला कोणी विचारलं नाही. मलाही नाही.

त्यानंतर घरात अभ्यास सुरू झाला. दिवसभर मोबाइलवर कोणी ना कोणी हिंदीतून "दोस्तों" म्हणत असायचं. जेवताना मला सेन्सर समजावण्यात आला. अ‍ॅपर्चर म्हणजे लेन्सच्या आतलं भोक, त्यातून उजेड आत येतो, आणि त्याचा आकडा जितका मोठा तितकं भोक लहान. मी विचारलं, "आकडा मोठा आणि भोक लहान, हे ठरवलं कोणी?" हे बराच वेळ भाताकडे बघत राहिले. मग म्हणाले, "आपल्या कंपनीत असं चाललं नसतं."

पुष्कर आपली चूक भरून काढायला आला आणि म्हणाला, "काका, डीएसएलआर आता डेड आहे. मिररलेस घ्या." घरात दोन दिवस सुतक. तिसऱ्या दिवशी मिररलेसच्या किमती कळल्या आणि तुमचे बंधू म्हणाले की मेलेला असला तरी आपल्याला डीएसएलआरच बरा.

मग मला घेऊन टिळक रस्त्याजवळच्या एका दुकानात गेले. मालकांनी, गिऱ्हाईक आल्याचं दुःख फारसं न दाखवता, विचारलं, "कशाचे फोटो काढणार?" हे म्हणाले, पक्ष्यांचे. "मग तुम्हाला कॅमेरा नकोय, लेन्स हवीय. लांबची. कॅमेरा आपला तिच्या मागे लावायला." लांबच्या लेन्सची किंमत सांगितली. तेवढ्यात आमचा फ्रिजच काय, पुष्करचाही आला असता. ह्यांनी विचारलं, "आणि कॅमेऱ्याबरोबर जी साधी लेन्स येते, तिने पक्षी येत नाही?" मालक म्हणाले, "येतो ना. येऊन तुमच्या मांडीवर बसला तर येतो." आम्ही घरी आलो.

राहता राहिला सेकंडहँड. मोबाइलवर जाहिरात मिळाली: वाघोलीत उत्तरेश्वर म्हणून कोणी इंजिनिअर, कॅमेरा फारसा न वापरलेला, बरोबर लांबची लेन्स, आणि किंमत आमच्या आवाक्यातली. फोन केला तर म्हणाला, "काका, रविवारी या, सगळे घरीच आहोत." सगळे म्हणजे किती, ते त्याने सांगितलं नाही आणि ह्यांनी विचारलं नाही.

कर्वेनगरहून वाघोलीला बसने जाणं म्हणजे काय, ते मिरजेत बसून कळायचं नाही. नगर रस्त्यावर बस इतकी उभी राहिली की शेजारच्या बाईंची आणि माझी ओळख झाली, मैत्री झाली, आणि मतभेदही झाले. वाटेत हे मला शटरबद्दल सांगत होते. जुना कॅमेरा घेताना शटर किती वेळा उघडलंय हे विचारायचं असतं म्हणे. (गाडीचं रनिंग विचारतात तसं. विचारायला लाजायचं नसतं.)

उत्तरेश्वरच्या दारात चपलांचा ढीग. आत पाळणा, झेंडूची माळ, आणि लातूरकडची तीस-चाळीस माणसं. मुलीचं बारसं होतं. मी तिथूनच मागे फिरत होते, पण त्याच्या आईने, सुंदराबाईंनी, आम्हाला पाहिलं आणि आत हाक दिली, "उतऱ्या, फोटोवालं आलं बघ! बाईला बी घेऊन आल्यात." उत्तरेश्वर धावत आला, कानात म्हणाला, "काका, सॉरी, जरा गडबड आहे, तुम्ही तोवर बघून घ्या," आणि ह्यांच्या गळ्यात कॅमेरा अडकवून जिलबी आणायला निघून गेला.

आता मालाची तपासणी केल्याशिवाय माल घ्यायचा नाही हा तुमच्या बंधूंचा धर्म. आणि तपासायचं तर फोटो काढायलाच हवेत. त्यांनी मला एवढंच म्हटलं, "सॅम्पल घेऊन बघतो." पहिली काही सॅम्पलं काळीकुट्ट आली. हे कॅमेऱ्यात वाकून पाहत होते, बटणं फिरवत होते, आणि सगळे पाहुणे श्वास रोखून उभे होते. शेवटी सुंदराबाई जवळ आल्या. "साहेब, त्याचं टोपण काढत न्हाईत व्हय?" टोपण काढलं. जगात उजेड पडला.

पुढचं मी डोळ्यांनी पाहिलं म्हणून सांगते, नाहीतर माझाच विश्वास बसला नसता. जो माणूस घरात दोन शब्दांवर दिवस काढत होता, तो भर बारशात "मावशी, जरा डावीकडे", "आत्याबाई, पदर सावरा", "अहो, पिवळा शर्ट, मागे व्हा" असं सुनावत होता, आणि लोक ऐकत होते. मला एका बाईने पाळण्याची दोरी धरायला लावली (फोटोवाल्याची बायको रिकामी का बसलीय म्हणून). मुलीचं नाव ठेवलं मुक्ताई. आत्याने कानात नाव सांगितलं, पाठीवर धपाधप हात पडले, मुलगी रडायला लागली, काही केल्या थांबेना. सुंदराबाईंनी तिला उचलून खिडकीशी नेलं, नुसतं नाकाला नाक लावलं. पोरगी गप्प झाली आणि आजीकडे बघत राहिली. सगळे तेव्हा जेवणाच्या पानांकडे वळले होते. ह्यांनी तेवढा एकच फोटो न सांगता, न ओरडता काढला.

जेवणं झाल्यावर व्यवहाराचं बोलायला बसलो. हे तयारीनिशी होते. लेन्सवर बारीक चरा आहे, पट्टा उसवलाय, शटरचा आकडा असा असा, त्यामुळे किमतीत एवढं कमी व्हायला हवं. उत्तरेश्वर कबूलही झाला. गरीब माणूस. तिकडे त्याची बायको श्रद्धा बाळाला मांडीवर घेऊन कॅमेऱ्यात फोटो बघत होती. बघता बघता थांबली. सासूबाईंना जवळ बोलावलं. सुंदराबाईंनी चष्मा लावून पाहिलं आणि म्हणाल्या, "ही मी हाय?" मग पदराने स्क्रीन पुसला आणि पुन्हा पाहिलं. श्रद्धा नवऱ्याला म्हणाली, "कॅमेरा विकायचा नाही."

"अगं, पण कपाटात पडून असतो म्हणून तूच तर..."

"नाही विकायचा म्हटलं ना."

उत्तरेश्वर आमच्याकडे बघायला लागला. मला वाटलं, आता तुमचे बंधू शब्द, सौदा, नैतिकता यावर बोलणार. एवढ्या उन्हातून आलो होतो, हक्कही होता. पण त्यांनी खिशातून टोपण काढलं, श्रद्धाच्या हातातल्या कॅमेऱ्याला लावलं आणि म्हणाले, "पट्टा तेवढा शिवून घ्या. पडेल." चांगला फोटो काढण्याचा तोटा हा असा होतो, वन्सं. वाईट काढला असता तर कॅमेरा घेऊन आलो असतो.

परत येताना आमच्याजवळ घुगऱ्या होत्या, एक ब्लाउजपीस होतं, आणि कॅमेरा सोडून बाकी सगळं होतं. स्वारगेटला बस बदलायला उतरलो तेव्हा हे एकदम म्हणाले, "पण फोटो चांगला आला होता. नाही गं?" इतक्या वर्षांत मला त्यांनी पुष्कळ गोष्टी सांगितल्या आहेत, विचारलेलं फार आठवत नाही. मी म्हटलं, चांगला आला होता. खरंच आला होता.

दुसऱ्याच दिवशी एकटे टिळक रस्त्याच्या दुकानात गेले आणि कोटेशन वगैरे न मागता, कोणीतरी बदलून दिलेला, दोन मॉडेल मागचा डीएसएलआर घेऊन आले. बरोबर एक लहानशी स्वस्तातली लेन्स. तिने लांबचं जवळ येत नाही. जवळचं हवं असेल तर आपण चालत जवळ जायचं. पक्ष्याजवळ चालत गेलं तर तो उडतो, म्हणून पक्ष्यांचा विषय बंद झाला आणि माणसांचा सुरू झाला. माणसं उडत नाहीत, फार तर दार लावून घेतात. सोसायटीतल्यांचे झाले, इस्त्रीवाल्यांचे झाले, पुष्करचा तर झोपाळलेला असा काही काढलाय की तो ऑफिसच्या प्रोफाइलला लावायला त्याने नकार दिला. रोज संध्याकाळी मला एकेक फोटो दाखवतात आणि पुढे उभे राहतात. आत्ताही भाजी आणायला म्हणून गेले आहेत. पिशवी इथेच आहे, कॅमेरा नाही.

तेव्हा आपण काळजी करू नये. फोन करत नाहीत ते आजारी आहेत म्हणून नव्हे, हात मोकळा नाही म्हणून. मुलांना आशीर्वाद, आपल्याला पुन्हा नमस्कार (हाही अर्धाच). तेल लावा.

आपली
शर्मिला

ता. क. लिहायचं मुख्य राहिलंच. पुढच्या आठवड्यात हे मिरजेला येणार म्हणतायत. "सतारी करणाऱ्यांचे फोटो काढायचेत" असं सांगतील. तसं काही नाही, तुमचा काढायचाय. भाऊजी गेल्यापासून फोटोची वेळ झाली की तुम्ही स्वयंपाकघरात काहीतरी बघायला जाता, हे मला वाटायचं मला एकटीलाच दिसतं. परवा ह्यांनी घरातले सगळे अल्बम काढून जमिनीवर मांडले आणि म्हणाले, "ताई कुठेच नाही." तेव्हा कृपा करून "माझा मेलीचा कसला फोटो" असं या वेळी म्हणू नका. बसा. मी सांगितलं हे त्यांना कळू देऊ नका.

ता. क. २. चांगली साडी नेसा. ती करडी नको.

ता. क. ३. ताई, पाकीट पोस्टात टाकायला माझ्याकडे दिलं आहे. चिकटवलेलं नव्हतं. वाचलं. काही ठिकाणी अतिशयोक्ती आहे, पण दुरुस्त करत बसलो नाही. करडी साडीच नेस, तुला ती आवडते. पूर्वेच्या खिडकीत खुर्ची ठेव आणि मी येईपर्यंत हलवू नकोस. मी वाचलं हे शर्मिलेला सांगू नकोस. — आनंद